देवीला घातलेला प्रश्न

भिकाजी मास्तरांना बसमधून आमोण्याला उतरायचे होते, पण पुढच्या बाकावरच्या दोघी बोलू लागल्या आणि आमोणे मागे राहिले.

"प्रभावती, शाणूला मूळ पेशी कोण देणार गो?"

"आमचे हेच. चौघा भावंडांत ह्यांच्याच जुळल्या."

"म्हणजे हाडं फोडणार?"

"छे गो! आधी सुया टोचतात, मग हातातून रक्त काढून यंत्रातून गाळतात. गाळलेल्या पेशी शाणूच्या अंगात रुजल्या की नवं रक्त करतात. केळीच्या कोंबाचं इवलंसं टोक बाटलीत घालून शेकड्यांनी रोपं करतात ना, तसं काहीसं."

"आणि बाबली भावोजींचं संपलं तर?"

"परत भरतं म्हणे."

"पण फणसावरून दोघे भाऊ बारा वर्षं बोलत नाहीत!"

"तेच तर. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती नको, मनापासून हवं. हे म्हणाले, देवीला पाकळ्या लावून कौल घेतो."

"देवी नको म्हणाली तर शाणू जायचा गो!"

"म्हणून मी आदल्या दिवशी गुरवाच्या घरी गेले. म्हटलं, प्रश्न जरा बघून घाला."

"मगे?"

"त्याने गाऱ्हाणं घातलं, 'आई, सोमवारी जायचं तर उजवी पाकळी दे, गुरुवारी जायचं तर डावी.'"

मास्तरांनी खोकला गिळला.

"आणि भावोजींना कळलं नाही?"

"न कळायला खुळे आहेत? डावी पडली, तसे गुरवाला हळूच म्हणाले, 'गुरुवार लांब पडतो. परत एकदा विचार.'"