हॉस्पिटलचा उलटा बाण

आणि वर स्टेशनवाले मलाच म्हणतात, "मॅडम, बाण लावलाय की तिथे!" अहो, लावलाय! लावलाय म्हणूनच तर ओरडतेय ना मी! नसता लावला तर माणसाने चार जणांना विचारलं असतं, चुकतमाकत का होईना पोचला असता. पण नाही, बाण आहे, चांगला हातभर लांब, निळ्या पाटीवर पांढराशुभ्र, वर ठसठशीत अक्षरांत 'हॉस्पिटल'... आणि दाखवतो कुठे? सोफ्यांच्या दुकानांकडे!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, ही मुलगी सकाळी सकाळी कुणाशी भांडून आलीय. तर आमचं स्टेशन जमिनीखाली. रोज नऊ पंचविसाच्या गाडीने मी तिथे उतरते. दोन फलाट आहेत, दोन्हीकडची माणसं समोरासमोरून एका भुयारी चौकात येतात, आणि त्या चौकातून डावीकडे एक जिना जातो, उजवीकडे एक. प्रत्येकी शहाण्णव पायऱ्या, मी मोजल्यात. शेजारी सरकता जिनाही आहे, फक्त तो सरकत नाही, पण तो विषयच नको, एका वेळी एकच डोकेदुखी! तर माझ्या बाजूने येणाऱ्याने उजवीकडे वर जायचं, की समोर हॉस्पिटलचं फाटक. डावीकडे गेलात तर फर्निचरचा बाजार, आणि हॉस्पिटल रस्त्यापलीकडे. रस्ता सहापदरी, आणि मधोमध छातीएवढं कुंपण! म्हणजे चुकलात की शहाण्णव चढलेल्या, त्या शहाण्णव उतरा, आणि पुन्हा शहाण्णव चढा. आता धडधाकट माणूस चढेल हो. पण धडधाकट माणूस हॉस्पिटलात कशाला जाईल?

हे असं कायम नव्हतं बरं का. सात महिन्यांपूर्वी चौकाला रंग दिला. त्यासाठी छताला टांगलेली पाटी हुकांवरून उतरवली, रंग वाळला, पाटी परत टांगली... पुढची बाजू मागे, मागची पुढे! झालं! आम्हाला उजवा बाण दिसायचा तिथे डावा दिसायला लागला, आणि पलीकडच्या फलाटावरच्यांना डावा हवा, तर त्यांना उजवा. एकाच फटक्यात दोन्हीकडची माणसं चुकवली! तुम्हाला सांगते, मनात आणून करायला बसलं असतं कुणी तर इतकं नेमकं जमलं नसतं.

मी त्याच दिवशी चौकशीच्या खिडकीवर गेले. काचेमागच्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटी आमच्याकडे नाही."

"मग कुणाकडे?"

"फलक विभागाकडे."

फलक विभागाला फोन. "मॅडम, आम्ही फलक तपासला. अक्षरं बरोबर, बाण बरोबर, रंग बरोबर. टांगणं आमच्याकडे येत नाही. ते देखभालवाल्यांकडे." देखभालवाले फार चांगले बोलले. "अहो, दोन हुकांचं तर काम! दोन मिनिटांत होईल! फक्त शिडी हवी. शिडी विजेवाल्यांकडे असते." केला विजेवाल्यांना फोन. तिकडून प्रश्न आला, "दिवा गेलाय का?"

"नाही हो, दिवा लख्ख आहे. त्या उजेडातच तर लोक चुकतायत!"

"दिवा गेल्याशिवाय शिडी देता येत नाही. तरी आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे."

नोंद घेतली आहे! लगेच मोबाइलवर संदेशही आला, वर तक्रार क्रमांक अकरा आकडी. मला काय वाटलं असेल सांगा! मी घरी येऊन आईला दाखवला, "बघ, नोंद घेतली!" आई भाजी निवडत होती. तिने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "तू हॉस्पिटलात जातेस का?" "नाही." "मग तुझं काय अडलंय? मान खाली घालायची आणि ऑफिसला चालायला लागायचं. आणि ती पाटी वर आहे ना? वर बघायचंच नाही!" दादा आतून ओरडला, "आई, तिला बघू दे, तिचा पगारच चुका बघायचा आहे!"

बरोबरच आहे त्याचं. मी शाळेची पुस्तकं छापतात त्या ऑफिसात आहे, प्रुफं तपासते. आणि मला आवडतं हो ते काम! आमचे साहेब पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "एका पानावर एक काना चुकला तर लाखभर मुलं चुकीचं शिकतात. लक्षात ठेवा." ठेवलं की! आता मला सांगा, दिवसभर मी काना-मात्रा शोधत बसायचं, आणि सकाळी डोक्यावर टांगलेली हातभर चूक तशीच सोडून पुढे जायचं? पाय उचलतो का माणसाचा?

माझा नाही उचलत. तीच तर भानगड. नोकरी अजून पक्की नाही माझी, वर्षभराचं प्रोबेशन, आणि ऑफिसचा नियम असा की पावणेदहानंतर आलात की लेट मार्क, महिन्यात तीन लेट मार्क झाले की पक्कं होणं विसरा. या महिन्यात दोन आधीच झालेले. एक, कडेवर तापलेलं बाळ घेतलेल्या बाईला वरपर्यंत सोडलं तेव्हा. दुसरा, एका काकांना मागून हाका मारत डाव्या जिन्याच्या पन्नासाव्या पायरीवर गाठलं तेव्हा. त्यांना ऐकू कमी यायचं. हॉस्पिटलात कानच दाखवायला निघाले होते!

तेव्हाच मी वर फर्निचरच्या बाजारात जाऊन पहिल्या सोफेवाल्या काकांना गाठलं, म्हटलं, तुम्हीही एक तक्रार करा, व्यापाऱ्याचं ऐकतील. काका दचकलेच. "छे छे, ताई, नको! सात महिन्यांत अकरा आरामखुर्च्या गेल्या माझ्या! पेशंट धापा टाकत वर येतो, बाहेरच्या खुर्चीत बसतो, पाय वर घेतो... उठवतच नाही हो त्याला! मग नातेवाईक विचारतात, केवढ्याला?"

अशा चौदा तक्रारी केल्या मी. चौदा! आणि चौदा वेळा, नोंद घेतली आहे. पत्र टाकलं, नोंद घेतली आहे. पाटीचा फोटो पाठवला, बाणाला लाल गोल करून, नोंद घेतली आहे. शेवटी वैतागून नुसतंच लिहिलं, 'तुम्हाला लाज वाटते का?' तर, आपल्या सूचनेबद्दल आभार, नोंद घेतली आहे!

आणि मग गेला मंगळवार. पक्कं व्हायला चार दिवस उरलेले. मी गाडीतून उतरतानाच मनाशी ठरवलेलं, वर बघायचं नाही. आईचं ऐकायचं. मान खाली घालून चौकात आले, आणि डाव्या जिन्याच्या तळाशी एक आजी दिसल्या. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. आजोबा शेजारी. वरून उतरून आलेले, दोघंही घामाघूम.

आजी म्हणत होत्या, "मी सांगत होते, विचारा कुणाला तरी!"

"विचारायचं काय त्यात? लिहिलंय ना!"

"लिहिलंय! लिहिलंय म्हणून माझं लग्नही तुमच्याशी झालं, पत्रिकेत लिहिलं होतं!"

"अगं, साडेनऊचा नंबर आहे, डॉक्टर मंगळवारीच येतात, इथे कशाला भांडतेस?"

आता सांगा, काय करायचं? धरला आजींचा हात, नेलं उजव्या जिन्याशी, म्हटलं, आजोबा, इकडून, निर्धास्त जा, मी सांगते म्हणून जा. आजोबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाटीकडे बघितलं. आजींनी त्यांना कुबडीने ढोसलं तेव्हा निघाले. घड्याळात नऊ बत्तीस. अजून वेळ होता, तुम्हाला सांगते, सरळ निघाले असते तर वेळेत पोचत होते मी! पण मागून पुढची गाडी आली. माणसांचा लोंढा आला. आणि त्या लोंढ्यातून हातात एक्स-रेची पाकिटं, औषधांच्या पिशव्या घेतलेली सात-आठ माणसं एकेक करून वर बघतायत आणि डावीकडे वळतायत... वर बघतायत आणि डावीकडे वळतायत...

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात पेपरवाले मामा बसतात, त्यांना म्हटलं, "मामा, उठा, स्टूल द्या."

"ताई, पडाल!"

"मग धरा!"

मामांनी बिचाऱ्यांनी धरलं. मी चढले. एक हूक काढला, दुसरा काढला, पाटी दिसते तेवढी जड नाही हो, पत्र्याची तर आहे! फिरवली, टांगली. चाळीस सेकंद. सात महिने, चौदा तक्रारी, चार खाती... आणि चाळीस सेकंद! खाली एक माणूस अर्धा डावीकडे वळलेला होता, त्याने वर बघितलं, थांबला, आणि गपचूप उजवीकडे गेला. मला काय झालं काय सांगू! स्टुलावर उभ्या उभ्या डोळे भरून आले माझे.

आणि शिट्टी वाजली.

"ए बाई! उतरा खाली! कुणाच्या परवानगीने?" सिक्युरिटीवाले दादा. सात महिने याच चौकात, याच पाटीखाली उभे असतात. मी म्हटलं, दादा, बाण उलटा होता. तर म्हणाले, "ते मला माहितीये. तुम्ही साहेबांकडे चला."

स्टेशनचे साहेब फार सभ्य निघाले. हेच तर जास्त लागतं. ओरडले असते तर मीही ओरडले असते. "बसा. पाणी घ्या. शिकलेल्या दिसता तुम्ही."

"सर, बाण उलटा होता."

"तो प्रश्नच नाही. प्रश्न असा, की तुम्ही हात लावलात."

"पण आता बरोबर आहे ना?"

"बरोबर असेल. अधिकृत नाही."

"आणि आधीचा?"

"तो अधिकृत होता." आणि फोन उचलला. "हॅलो, चौकातल्या फलकात फेरफार झालाय. मूळ स्थितीत आणा. हो, तातडीने."

मी म्हटलं, आणा! बघतेच कशी आणता! दिवा कुठे गेलाय? शिडी कुठून येणार? आणि त्यांच्या खोलीच्या काचेतून मी बघत बसले... चार मिनिटं! चार मिनिटांत शिडी आली हो! एक नाही, दोन! चारही खात्यांची माणसं आली! एक चढला, एकाने शिडी धरली, एकाने फोटो काढले, आणि चौथा कमरेवर हात ठेवून "थोडं डावीकडे... अजून थोडं..." करत होता. इतक्या प्रेमाने फिरवली पाटी, इतक्या काळजीने! उलटी!

तोवर दहा वाजून गेलेले. मी हात जोडले. म्हटलं, सर, माझा तिसरा लेट मार्क आहे, निदान मला इथे बसवून ठेवलं होतं असं लिहून तरी द्या. "देतो की! माणुसकी आहे आमच्याकडे!" आणि दिलं, शिक्का मारून. काय दिलं? 'सदर महिला प्रवासी स्थानकाच्या मालमत्तेत अनधिकृत फेरफार केल्याप्रकरणी आमच्या ताब्यात होत्या, तरी त्यांना झालेला उशीर क्षमापात्र समजावा.' आता हा कागद दाखवावा तर गुन्हेगार, न दाखवावा तर बेकार!

दाखवला. आमच्या साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही चूक दुरुस्त केलीत?"

मला वाटलं, सुटले! हा माणूस काना-मात्रेवर जीव टाकतो, याला तरी कळेल! "हो साहेब!"

"लेखकाला न विचारता?"

"अं?"

"आपल्या कामाचा पहिला नियम काय? प्रुफं तपासणाऱ्याने चूक दाखवायची. समासात खूण करायची. परस्पर दुरुस्त करायची नाही. चूक तुम्ही अचूक पकडलीत, म्हणून काढत नाही. पण पक्कं करत नाही. आणखी सहा महिने प्रोबेशन."

"पण साहेब, ती माणसं... ते प्लास्टर... माझी बाजू तरी..."

"नोंद घेतली आहे."

तेव्हापासून घरून वीस मिनिटं आधी निघते मी. आई म्हणते, "बघा, सुधारली!" सुधारले ना. चौकात जाते, पाटीखाली उभी राहते, पाटीला हात लावत नाही, स्टूल मागत नाही, फक्त तोंडाने सांगते, "हॉस्पिटल इकडे, हॉस्पिटल इकडे." समासातली खूणच म्हणा ना! अर्धे लोक ऐकतात. उरलेले म्हणतात, "तुम्ही स्टेशनच्या का?" मी म्हणते, नाही. मग ते पर्स घट्ट धरतात आणि डावीकडे जातात.

आणि काल सकाळी आले, तर मी उभी राहते त्याच खांबावर नवी कोरी पाटी! 'अनधिकृत व्यक्तींनी तोंडी सांगितलेल्या दिशेवर विश्वास ठेवू नये. फक्त फलक पाहावेत.' मी आपली बराच वेळ बघत राहिले. अक्षरं तपासली, सवयच आहे. एक काना इकडचा तिकडे नाही. आणि ही मात्र, तुम्हाला सांगते... अगदी सरळ लावलीय हो.