पानाक हात लागता नये!

मंडळी, टाळ जरा थांबवा. एक विचारतो. दावा जिंकलेला माणूस घरी काय घेऊन येतो? घर? जमीन? मागं तात्या हसले! तात्या, तुमचीही कोर्टातली तारीख जवळ आलीय, ठाऊक आहे मला. मग ऐका!

कोकणातलं एक गाव. दोन भाऊ, थोरला भिकाजी, धाकटा अनंत. बाप गेला आणि घर-परडं कुणाचं यावरून दोघे कोर्टात! अहो, ज्यानं खांद्यावर बसवून आंबे काढायला शिकवलं, त्याच्यावरच अनंतानं दावा ठोकला!

परड्यात, म्हणजे घरामागच्या वाडीत, बापानं लावलेला आंबा होता. तिकडं रीत आहे. माणूस गेला की आपल्याच जागेतला आंबा तोडायचा, त्या लाकडाच्या चितेवर त्याला निरोप द्यायचा. भिकाजी म्हणायचा, "माका ह्याच झाडाचा लाकूड घाला. बापाशीच्या हातचा."

अनंत वकिलाकडं गेला. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे ठेवा, असा हुकूम हवा होता. वकील म्हणाले, "घरापुरता पुरे."

"नाय! झाड पण घाला! पानाक हात लागता नये!"

का? तर थोरल्याचा जीव त्या झाडात म्हणून! कुठं टोचलं की दुखतं, हे परक्याला कळत नाही हो, घरच्यालाच कळतं.

हुकूम झाला. सात वर्षं आंबे पिकले, पडले, कुजले. अनंत शेजारच्या आपल्या घराच्या खिडकीतून टपलेला असायचा, भाऊ एखादा उचलतो का! भिकाजीनं एक उचलला नाही. झाडाकडं बघायचा नि आत जायचा.

आणि एका वैशाखात, सकाळी चहा घेता घेता भिकाजी गेला.

रडणं ऐकून अनंत धावला. सात वर्षांनी भावाचा उंबरा ओलांडला—आणि भाऊ बोलेना! त्यानं वकिलाला फोन लावला. "झाड तोडूचा आसा!" वकील म्हणाले, "कोर्टाला उन्हाळी सुट्टी. परवानगीशिवाय हात लावू नका."

"खड्ड्यात गेली परवानगी!" अनंतानं कुऱ्हाड उचलली, झाडापाशी गेला. तर समोर वहिनी उभी! जिनं त्याला आईच्या मागं भरवलं, ती.

"नको, भावजीनू. ह्यांनी सात वर्सां पडलेलो आंबो उचलूक नाय. तुमचो हुकूम पाळल्यानी. आता जाताना कित्याक मोडू?"

मंडळी, ती रागावली असती तर बरं झालं असतं! कुऱ्हाड हातातून गळली. शेजाऱ्याच्या परड्यातून लाकूड आणलं. बापाच्या झाडाखालून तिरडी गेली, आणि झाड फळांनी लगडलेलं!

दोन वर्षांनी निकाल लागला. अनंत जिंकला! आंबा त्याच्या वाट्याला आला. तो झाडाखाली बसला, पडलेला एक आंबा उचलला. देणार कुणाला? वहिनी माहेरी निघून गेलेली. घरी येऊन पोरांना म्हणाला, "मी गेलंय की माका ह्या झाडाचा लाकूड घालू नकात. ता दादाचा."

हे घेऊन आला हो तो घरी!

तात्या, आता हसू नका. डोळे पुसा. तुमचा भाऊ त्या खांबाशी बसलाय, मघापासून बघतोय मी. मध्ये दहा माणसं आहेत. मंडळी, वाट द्या त्यांना. तात्या, उठा! अजून तो बोलतो आहे, तोवर उठा. तुम्ही त्याच्याजवळ बसल्याशिवाय मी देवाचं नाव घेणार नाही!