विद्यापीठात म्हनलेलं कोकराचं गानं

माहं नाव गिरजा. माहेर कनेरगाव नाक्याजवळच्या वस्तीवरचं, आन् दिलं इकडं गोरेगावच्या शिवारात. दोन्हीकडं मेंढरंच. बाप मेंढरं राखायचा, सासराबी तेच करायचा, मालक अजून तेच करून राहिले. शाळेचं तोंड मी पाह्यलं न्हाई. काय सांगू तुमाला, मला जनावराचं भ्या न्हाई, लांडगा दोनदा समोर आला तर काठी घेऊन उभी राह्यले, पन माणसांचं लई भ्या. चार माणसं ओट्यावर बसलेली दिसली की मी मागच्या बोळीनं जाते. लग्नातबी मी चुलीपाशीच असते, मांडवात येत न्हाई.

तर ते गानं. खरं तर ते गानंबी न्हाई. काय व्हतं, एखादी मेंढी व्याली की कोकराला जवळ घेत न्हाई, हुंगते, ढुशी मारते, लांब पळते. मंग आमी कोकराच्या अंगाला मीठ चोळतो, मेंढीला धरून बसतो आन् तिच्या कानाशी म्हनत ऱ्हातो, घे गं माये, हुंग गं माये, तुह्याच पोटचं हाय, दुसऱ्या कुनाचं न्हाई. तेच ते, तेच ते, घंटा घंटा. मह्या आईनं शिकवलं मला. मेंढी चाटाया लागली की आपुन गप उठून जायचं.

आता एक सांगते. हे मी कुनाला सांगितलं नसतं, पन माही सून सुनीताच म्हन्ली, आत्या, सांगा, म्हनून सांगून राहिले. तिला पोरगी झाली तवा ती पोरीकडं पाहीचना. भितीकडं तोंड करून पडायची. लेकरू रडून निळं व्हायचं आन् ही म्हनायची, न्या ते, माहं न्हाई ते. मी इतकी भ्याले, इतकी भ्याले की बाजंपासून हालले न्हाई, वाटायचं, ही लेकराला काही करती का सोताला. मह्या लेकानं, एकनाथनं, तिला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीनबाई म्हन्ल्या, हा आजार हाय, बायांना व्हतो, गोळ्या देते, तिला एकटं सोडू नका. गोळ्या चालू केल्या. पन मह्याच्यानं नुसतं बसवंना, मंग मी तिच्या उशाला बसून हळूहळू तेच म्हनाया लागले, घे गं माये, तुह्याच पोटचं हाय. किती दिवस म्हन्लं ते मला सांगता येनार न्हाई. एका दुपारी तिनं हात लांब केला आन् पोरीला वढून घेतलं. मी उठून भाईर गेले. तिच्या माहेरी आमी काहीच कळू दिलं न्हाई, गावातबी न्हाई. आमी दोघी त्याच्यावर एक शब्द बोललो न्हाई, तीन वर्सं.

तर विद्यापीठातून एक पोरगी आली, शिकून राहिली व्हती ती, गावोगाव बायांची गानी फोनमधी भरून घ्यायची. मी कोकराचं म्हनून दाखवलं, तिला लई आवडलं. मंग एकनाथला फोन आला, आमच्या इथं चर्चासत्र हाय, मोठमोठे लोक भाषनं करनार, तुमच्या आईला म्हनून दाखवायला आना. मी म्हन्लं, न्हाई. सुनीता म्हन्ली, आत्या, मी येते संग, तुमी मह्याकडं पाहून म्हना.

हिंगोलीहून एस्टीत बसलो, नात मांडीवर. तिथं तो हॉल, कापडी खुर्च्या, पायऱ्या पायऱ्याचा. मह्या आधी एक मोठे सर बोलले, पडद्यावर मह्या गान्याचे शब्द दाखवले आन् म्हन्ले, ही अंगाई हाय. मी मनात म्हन्लं, अंगाई कुठली. पन बोलनार कोन.

मंग मला वर नेलं. मह्यावर लाईट, समोर समदा अंधार. काय सांगू, अंधारात इतकी माणसं श्वास घेऊन राहिली आन् एकबी दिसंना. माइकमधी माहाच श्वास मोठा होऊन भाईर येऊन राहिला. तोंडातून इतकंच निघालं, लाईट लावा, मला माणसं दिसंनात. लोक हसले, पन लावले. तिसऱ्या रांगेत सुनीता दिसली, पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली. मी डोळे तिथंच ठेवले आन् म्हन्लं.

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, सुटले. तर सर इचारतेत, बाई, ही अंगाई तुमच्या आईनं तुमाला म्हन्ली का. मी म्हन्लं, न्हाई सर, हे लेकराला म्हनत न्हाईत, हे आईला म्हनतेत. मंग मी मेंढीचं, मिठाचं सांगितलं, सर लिहून घेऊन राहिले. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या आन् म्हन्ल्या, माणसाच्या आईला कधी म्हन्लं का हो.

सुनीता समोर बसलेली. भरल्या सभेत पोरीची अब्रू मह्या जिभेवर आली. मी खोटं बोलले. मान हालवली आन् म्हन्लं, न्हाई बाई, मेंढरालाच.

तर सुनीता उभी राह्यली. लेकरू खांद्यावर तसंच. ती म्हन्ली, म्हन्लं हाय. मला म्हन्लं. ही पोरगी मला नको व्हती, मी आजारी व्हते, डॉक्टरच्या गोळ्या आन् आत्याचं हे म्हननं, दोन्हीनं मी उठले. आन् खाली बसली. माही तर बसायची खुर्चीबी मला दिसंना.

परतीच्या गाडीत मी इचारलं, काहून बोललीस गं. ती म्हन्ली, मी पोरीला घेतलं त्या दिवशी तुमी उठून गेल्या तर दाराआड उभ्या व्हत्या, खालून तुमचे पाय दिसत व्हते मला, घंटाभर.

त्या सभेची रेकॉर्डिंग फोनाफोनात फिरली. सुनीताचे वडील आले तवा मी चहाचं निमित्त करून चुलीपाशीच बसले. ते एवढंच म्हन्ले, बाई, मला तवाच सांगाया पायजे व्हतं तुमी. मंग लेकीजवळ बसून राह्यले दिवसभर.

आता बाया येतेत. सेनगावाकडली एक आई तिच्या बाळंत लेकीला घेऊन आली. मी पहिलं हिंगोलीचा दवाखाना दाखवला, सुनीता संग गेली. त्या मायलेकी आता आमच्या वाटंवरच्या एका खोलीत ऱ्हातेत, मी रोज जाऊन तिच्याजवळ बसते. म्हनते आन् मनात एकच भ्या, हिला न्हाई जमलं तर. मेंढी न्हाई ही, कुनाची लेक हाय. काल तिनं लेकरू घेतलं, परत खाली ठेवलं, परत घेतलं. अजून भरवसा न्हाई. तुमी आता त्याच वाटंनं जाताल, तर तिच्या दारापाशी घडीभर थांबा, लेकराला चांगलं म्हना. आन् तुमचीबी लेकरंबाळं आईच्या कुशीत सुखात ऱ्हावोत.