पॉलिशचे डाग

(सुतारकामाचा कारखाना. मशीनं बंद. बाबा स्टुलावर बसलेले, लेक करवतीच्या टेबलाला टेकून उभी. दोघं नुकतीच हॉस्पिटलातून आली आहेत.)

लेक: डॉक्टरांसमोर गप्प, गाडीत गप्प. आता तरी बोला. सोमवारपर्यंत त्यांना कळवायचंय, ऑपरेशन करायचं की नाही.

बाबा: नाही म्हणून कळव.

लेक: इतक्या पटकन?

बाबा: तुझा काका आठव. धडधाकट माणूस. ऑपरेशनची सुरी लागली आणि बघता बघता गेला. गाठीला हात लावला की ती पसरते, सगळ्यांना माहितीये.

लेक: सगळ्यांना चुकीचं माहितीये. काकांचा आवाज बसून वर्ष उलटलं होतं, आणि ते गोळ्या चघळत बसले होते. सुरी लागली तेव्हा फार उशीर झाला होता. मी आज मुद्दाम विचारलं. तुम्ही भिंतीकडे बघत होतात.

बाबा: भिंतीवर चित्र होतं. फ्रेम वाकडी होती.

लेक: बाबा.

बाबा: बरं, सांग मास्तरीणबाई. काय म्हणाले?

लेक: शरीरातल्या पेशी वाढतात, जुन्या होतात, मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. त्याला काही एक शिस्त असते. एखादी पेशी बिघडते आणि थांबायचं विसरते. तिच्यासारख्याच आणखी होत जातात. आपण वाट बघत बसलो की त्या आजूबाजूला घुसतात. लवकर सापडल्या तर काढून टाकता येतात. तुमचं अजून नाकाच्या आतच आहे. डोळ्याकडे सरकलं तर डोळाही जाईल म्हणाले.

बाबा: पण मीच का? विडी नाही, तंबाखू नाही. काका म्हणजे नुसतं धुराडं होता, त्याचं समजू शकतो.

लेक: मीही तेच म्हटलं. तंबाखू सगळ्यात मोठं कारण, पण एकटं तेच नाही. मग त्यांनी विचारलं, वडील काम काय करतात? सुतार म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. कठीण लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात जात राहिला, की हा नाकाचा कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही. पण आपल्या धंद्यात इतरांपेक्षा जास्त होतो.

बाबा: भुशानं? अगं, रुमाल बांधायचो की तोंडाला.

लेक: रुमालातून बारीक भुसा आरपार जातो. त्यासाठी नीट बसणारा मास्क लागतो. आणि भुसा ओढून घेणारं ते मशीन. मी हट्टानं आणलं होतं. तुम्ही त्याच्यावर डबा ठेवता.

बाबा: त्याच्या घरघरीत करवत ऐकू येत नाही. पातं कुठं अडतंय, लाकडात गाठ कुठं आहे, सगळं कानानं कळतं. मी तसाच शिकलो. तुलाही तसंच शिकवलं.

लेक: हो. आणि मी शिकले.

बाबा: ...तूही इथंच उभी असतेस. कॉलेज संपल्यापासून.

लेक: माझं राहू द्या. एक विचारायचंय. तुमचे रुमाल मी धुवायचे. त्यावर तपकिरी डाग असायचे. मला वाटलं, पॉलिशचे. अक्रोडी रंग आपण रोजच लावतो. एकदा तुमच्यावर चिडलेही, की रुमालाला हात पुसत जाऊ नका. तुम्ही हसलात.

बाबा: हसलो खरा.

लेक: रक्त होतं ना ते?

बाबा: एकाच नाकपुडीतून यायचं. थोडंसंच. ती बाजू चोंदलेली असायची. म्हटलं, सुताराचं नाक, चोंदणारच. तू पॉलिश म्हणालीस, मलाही तेच बरं वाटलं.

लेक: एकाच बाजूचं नाक चोंदलं, त्यातून रक्त आलं आणि दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर दाखवायचं. एवढंच माहीत असायला हवं होतं, बाबा. फळीवर पॉलिशचा हात कमी पडला तर मला लांबून दिसतं. आणि तुमचं रक्त मी साबण लावून धूत बसले. मला स्वतःची लाज वाटते.

बाबा: तुझा काय दोष? लपवलं मी.

लेक: का पण?

बाबा: तू सगळं सोडून माझ्याजवळ बसली असतीस. आणि... भ्यालो गं. काकाचं बघून भ्यालो होतो. आजही भीती वाटतेय.

लेक: मलाही वाटतेय. म्हणून तर म्हणतेय, सोमवारी हो म्हणूया.

बाबा: ऑपरेशननंतर वास येणार नाही, ते मात्र ऐकलं मी. अगं, गिऱ्हाईकं डोळे मिटायला लावून फळी नाकाशी धरतात माझ्या. ते गेलं तर माझ्याकडे उरलं काय?

लेक: परवासुद्धा त्या शाळेच्या बाईंची फळी ओळखलीत. शिसव म्हणालात. त्या तर थक्कच झाल्या.

बाबा: ती तू उचलून आणलीस. वजनानं तुझा हात खाली गेला होता, तोंडावर लाकडाचं कौतुक होतं. त्यावरून बोललो.

लेक: म्हणजे?

बाबा: मला वास येत नाही. बरेच दिवस झाले.

लेक: आणि रोज मला विचारायचात, हे लाकूड ओलं वाटतंय का बघ...

बाबा: मला समजायचं नाही, म्हणून विचारायचो. तुला वाटायचं, शिकवतोय.

लेक: बाबा, मग आता राखायचंय तरी काय? जे जाईल म्हणून घाबरताय, ते तर गेलंय.

बाबा: हं... सोमवारी हो म्हणून कळव.

लेक: नक्की?

बाबा: नक्की. पण आधी तू त्यांना नाक दाखवायचंस. तुझं बघितल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढायचा नाही.

लेक: मला काही होत नाहीये, बाबा.

बाबा: मलाही काही होत नव्हतं.