कॉम्प्युटरच्या मते तुम्ही वर पोचलात

— नाही नाही मॅडम, दार बडवू नका, ऐकू येतंय मला. लिफ्टचा मेकॅनिकच आहे मी, बाहेरच उभा आहे. पण अडचण काय आहे, तुम्ही अडकलेल्याच नाही आहात. म्हणजे मला दिसतंय हो — पण कॉम्प्युटरला दिसायला नको? कुठली लिफ्ट उघडायची ते हल्ली तो ठरवतो, आणि त्याच्या मते तुम्ही मघाशीच वरच्या मजल्यावर पोचलात. तुमची तक्रार गेली म्हणून त्याने मला पाठवलं, पण 'उघडा' काही म्हणत नाही — म्हणतो, ग्राहकाला धीर द्या. म्हणून देतोय. किल्ली? आहे की, खिशातच आहे. पण त्याला न विचारता लावू कशी? गेल्या महिन्यात एका आजींना काढलं तसंच — आजींनी आशीर्वाद दिला, ऑफिसने मेमो. आणखी एक मेमो आला की मी घरी. आणि घरी सासूबाई राहायला आल्यात, मॅडम — त्यापेक्षा हा जिना बरा.

काय म्हणालात? हेड ऑफिसच्या? हा कॉम्प्युटर उपयोगी आहे का, ते बघायला आलात? अरे वा! मग विचारा ना, वेळच वेळ आहे. उपयोगी म्हणजे काय, फारच उपयोगी. मागे विचारलंत तेव्हाही आम्ही सगळ्यांनी 'अतिशय उपयुक्त' असंच सांगितलं. का म्हणजे? अहो, पूर्वी माणूस अडकला की शिव्या आम्ही खायचो — आता त्याच्या बरोबरीने आम्हीही कॉम्प्युटरला घालतो. केवढा आधार वाटतो! तो बरोबर सांगतो की चूक, ते तुम्ही कुठे विचारलंत? किती जणांनी ऐकलं, तेवढंच मोजलंत. मेमोच्या भीतीने सगळेच ऐकतात — हे आपलं तुमच्या-माझ्यात हं.

रडताय का? रडू नका हो, वरून हवा येते. हं, वाजला बघा तुमचा फोन — सेवा कशी वाटली, किती स्टार, असं विचारत असेल. एक दिलात तर चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत लिफ्टला हात लावायची बंदी. नाही, किती द्यायचे ते मी कसं सांगू — तुमचं मत ते तुमचं. — दिलेत? पाच? पाचच्या पाच? मला आजवर कोणी पाच दिले नव्हते मॅडम, खरंच भरून आलं.

थांबा, मला काहीतरी आलंय. 'ग्राहक समाधानी. तक्रार मिटली. पुढच्या इमारतीत जा.'

बरं, निघतो मी. आणि मॅडम, आता दार बडवू नका — समाधानी माणसं बडवत नाहीत.