नजरेले वळण
मोताळ्याच्या स्टँडवर, पानठेल्यासमोरच्या बाकावर दोन शेतकरी गाडीची वाट पाहत होते.

"गोकुळ, घे बे बिडी."

"नको, मतीनभाई. दम लागते मले. बिडी सुटावी म्हणून दवाखान्यात माह्या नजरेले वळण लावून राह्यले."

"कसं?"

"कम्प्युटरवर दोन फोटो येते, एक बिडीचा, एक घागरीचा. आपण घागरीवरच बोट ठेवाचं. पह्यले स्टँडवर उतरलो का मले नुसता पानठेलाच दिसे."

"अन् आता?"

"आता ठेल्यामागचा लिंबबी दिसते."

"अरे, बीटी कपाशी आली तवाबी म्हणत होते, बोंडअळी येणार नाही. आली ना? तशी तुही तलबबी परत येईन."

"येऊ द्या. अळी आली म्हणून म्या तिच्यासाठी वावर सोडलं काय?"