बिनटाक्याचं ऑपरेशन

राजापेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या अबोलीच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“डोळ्यातलं वाढलेलं मांस काढून आठ दिवस झाले, तरी लालभडकच. डॉक्टरनं अंदर काहीतरी सोडलं.”

“बिनटाक्याचं होतं, काय सोडन तो? थेंब टाकले ना तुमी?”

“रोज टाकतो.”

“मंग या शिशीचं सील काहून तुटलं नाही?”

“त्याच्या थेंबाचा मले भरोसा नाही.”

“मंग कोनते टाकले?”

“ढोराच्या डॉक्टरनं देल्ले ते. आपल्या बैलाले गुण आला होता.”

“आता हे अंदर सांगा.”

“काही सांगाचं नाही. पाहू त्याले समजते का.”

नर्सनं अबोलीचं नाव पुकारलं.

“आधी यांना सोडा,” अबोली म्हणाली. “या बाईंना डॉक्टरांना काही सांगायचं आहे.”